मूतखड्याची शस्त्रक्रिया आणि विवेक

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई ही ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची भूमी मानली जाते. त्या ग्रंथाच्या नावातच असलेला विवेक हा या विचाराचा आरंभ. नित्य आणि अनित्य यांतील भेद जाणणारी बुद्धी म्हणजे विवेक असेल, तर अनित्य देहाच्या चिकित्सेत निर्णय कोणी व कसा घ्यावा, हा प्रश्नही विवेकाच्याच कक्षेत येतो. उदाहरणार्थ, मूत्रपिंडातील खडा दोन सेंटिमीटरहून मोठा असल्यास पाठीतून छिद्र पाडून दुर्बिणीने तो फोडून काढण्याची पद्धत, म्हणजेच पीसीएनएल, सहसा प्रथम सुचवली जाते, कारण तीत खडा एकाच वेळी निघण्याची शक्यता अधिक असते, मात्र रक्तस्रावाचा धोकाही अधिक असतो. मूत्रमार्गातून लवचीक दुर्बीण नेऊन लेसर वापरल्यास छेद टळतो, परंतु मोठ्या खड्यासाठी ती क्रिया पुन्हा करावी लागू शकते. अश्मरीत, म्हणजे मूतखड्यात, उपचार न केल्यास मृत्यू निश्चित आणि शस्त्रकर्म केल्यास यश अनिश्चित, अशा अवस्थेत अधिपतीची अनुज्ञा घेऊनच वैद्याने शस्त्र चालवावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. आज ती अनुज्ञा देण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. म्हणून प्रत्येक पर्यायाचे लाभ, धोके आणि खर्च त्याला समजेल अशा भाषेत सांगणे हा वैद्याचा धर्म ठरतो, कारण देह अनित्य असला तरी तो धारण करणाऱ्याची वेदना आणि त्याची निवड यांची उपेक्षा विवेकाला मान्य होऊ शकत नाही.