कमिशन नसलेला सल्ला

माझी मावशी कॉलेजात ग्रंथपाल होती. निवृत्तीची रक्कम खात्यात जमा झाली आणि त्याच आठवड्यात बँकेतून फोन आला. चहा पाजून, "मॅडम, एफडीसारखंच आहे, फक्त व्याज जास्त," असं सांगून एका विमा पॉलिसीवर तिच्या सह्या घेतल्या. वर्षाने दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली, तेव्हा तिला कळलं की पैसे एकदाच नाही, दहा वर्षं भरायचे आहेत. पॉलिसी हाती पडल्यावर ठरावीक दिवसांत ती परत करता येते, हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं. पॉलिसी देणारा मुलगा अर्धवट शिकलेला नव्हता. तो परीक्षा पास होता, त्याच्याकडे परवाना होता.

तेव्हापासून 'पात्रता' या शब्दापाशी मी अडखळतो. सर्टिफाईड फायनान्शियल प्लॅनर हे प्रमाणपत्र जगभर चार गोष्टी बघून दिलं जातं: शिक्षण, परीक्षा, अनुभव आणि नीतिमत्ता. पहिल्या तीन कागदावर तपासता येतात. चौथी दिसते ती योग्य सल्ला दिल्याने स्वतःचं उत्पन्न बुडतं त्या दिवशी.

आपल्याकडे फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. २०१३ च्या नियमांनी अशा सल्लागारावर विश्वस्ताच्या नात्याने वागण्याचं बंधन घातलं. २०२० साली ते आणखी कडक झालं. एकाच माणसाला फी घेऊन सल्ला द्यायचा आणि त्यालाच कमिशनवर योजना विकायची, हे बंद झालं. नोंदणी नसलेल्या वितरकाने स्वतःला 'वेल्थ ॲडव्हायझर' म्हणवून घ्यायलाही मनाई झाली. वितरक असण्यात काही कमीपणा नाही. अत्यंत सचोटीचे वितरक माझ्या ओळखीत आहेत. पण समोर बसलेला माणूस विकायला आलाय की सल्ला द्यायला, हे पहिल्याच भेटीत कळण्याचा हक्क आपल्याला आहे.

२०२४ च्या अखेरीस सल्लागारांसाठीची पात्रता सैल झाली. पदव्युत्तर पदवीऐवजी पदवी पुरेशी ठरली, अनुभवाची अट गेली. पदवीचं मला फारसं वाटत नाही. अनुभवाची मात्र काळजी वाटते. पगार थांबलेल्या माणसाच्या मनातली धाकधूक पुस्तकातून कळत नाही.

शेवटी मावशी एका नोंदणीकृत सल्लागार बाईंकडे गेली. पहिल्या भेटीत त्यांनी एकाही योजनेचं नाव काढलं नाही. औषधांना महिन्याला किती लागतात, घर कोणाच्या नावावर आहे, खात्यांना वारस कोणाला लावलंय, एवढंच विचारत राहिल्या. दुसरा हप्ता भरला तर काय आणि सोडला तर काय, याचा हिशेब त्यांनी कागदावर मांडून दाखवला. उरलेल्या रकमेतला मोठा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायला सांगितलं. या योजनेवरचं एजंटांचं कमिशन २०११ मध्येच बंद झालंय. ती घ्या म्हणून मावशीला कोणाचाही फोन आला नव्हता, तो का, हे मला तेव्हा उमगलं.

फीचा आकडा ऐकून मावशी गप्प झाली. पॉलिसीच्या हप्त्यातून कमिशन गेलं ते तिला दिसलं नव्हतं, म्हणून टोचलंही नव्हतं. इथे चूक आपलीही आहे. फुकटचा सल्ला आपण हक्काने मागतो आणि प्रामाणिक माणसाला पोट आहे हे विसरतो.

मावशीने फी दिली, पावती जपून ठेवली. गेल्या महिन्यात शेजारच्या काकू निवृत्त झाल्या. मावशीने त्यांना मुद्दाम घरी बोलावून सांगितलं, "कोणी सल्ला द्यायला आलं, तर आधी विचारा, तुम्हाला पैसे कोण देतं."