“फादर, तुमचं मत काय?”

मागे एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात उभे होतो. एक गृहस्थ आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी वाद घालतच आमच्यापाशी आले. गृहस्थांचा टेम्पो आहे. पहाटे भाजीपाला भरून ते दादरच्या बाजारात जातात. वादाचा विषय मात्र लंडनचा होता. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी तिथल्या नॅशनल गॅलरीत दोन तरुणींनी व्हॅन गॉगच्या ‘सूर्यफुले’ या जगप्रसिद्ध चित्रावर टोमॅटोचे सूप फेकले होते. सरकारने तेल आणि वायूच्या उत्खननाला नवे परवाने देऊ नयेत, ही त्यांच्या संघटनेची मागणी. सप्टेंबर २०२४ मध्ये एकीला दोन वर्षांची आणि दुसरीला वीस महिन्यांची कैद झाली.

“असल्यांना तुरुंगच हवा!” गृहस्थ म्हणाले. मुलगी उसळून म्हणाली, “पप्पा, चित्रावर काच होती, त्याला काही झालं नाही. पृथ्वीवर कुठं काच आहे?” मग दोघेही आमच्याकडे वळले, “फादर, तुमचं मत काय?”

आम्ही हसलो. “दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे,” असे म्हणालो आणि बाप्तिस्म्याची वेळ झाली म्हणून आत निघून गेलो. बाप्तिस्म्याला अजून वीस मिनिटे होती.

त्या वीस मिनिटांचे उत्तर आज देत आहोत.

आधी प्रश्न पडतो तो हा, की धर्मगुरूने अशा विषयांवर मत द्यावे का? पक्षीय राजकारणात भाग घेण्यास धर्मगुरूंना चर्चच्या कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आणखी एक सावधगिरीची सूचना दिली होती. प्रत्येक अवघड प्रश्नाचे तयार उत्तर आपल्या धर्मगुरूंकडे असेल असे प्रापंचिकांनी समजू नये आणि आपल्या मताला चर्चचा अधिकार चिकटवण्याचा हक्क कोणालाही नाही. म्हणजे वेदीवरून सांगायची ती शिकवण आणि आवारात बोलायचे ते मत. या दोहोंची सरमिसळ करू नये. परंतु सरमिसळ टाळायची म्हणून मतच न देणे, याला विवेक म्हणावे की भित्रेपणा? त्या दिवशी आमच्याकडून घडला तो भित्रेपणा होता.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना एक गोष्ट मनावर ठसली होती. ज्ञान आणि मत यांतला फरक सांगताना ते म्हणतात, की मत देणारा एका बाजूकडे झुकतो खरा, पण दुसरी बाजू खरी असेल अशी भीती त्याच्या मनात शिल्लक असते. आज आपल्याकडे मते उदंड झाली आहेत. मोबाइलवर बोट फिरवले की मत तयार! हरवली आहे ती ही भीती. भीती नसलेले मत म्हणजे हट्ट. आणि नुसतीच भीती, मत मात्र नाही, म्हणजे आमचे त्या दिवशीचे हसू.

आता निषेधाविषयी. निषेध पारखताना आम्ही दोन प्रश्न विचारतो. त्याची किंमत कोण मोजतो? आणि तो कोणाच्या दारात उभा राहतो? मार्च १९७४ मध्ये चमोली जिल्ह्यातील रेणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी ठेकेदाराच्या माणसांपुढे उभ्या राहिल्या. किंमत त्यांनी स्वतः मोजायची ठरवली होती आणि ज्याच्या हातात कुऱ्हाड होती त्यालाच त्यांनी अडवले होते. लंडनच्या मुली पहिल्या कसोटीला उतरतात, कारण त्यांनी तुरुंग पत्करला. दुसऱ्या कसोटीला उतरत नाहीत. व्हॅन गॉगने तेलाची विहीर खोदली नव्हती. म्हणून सूप फेकणे चुकीचे होते, असे आमचे मत आहे. चित्राला इजा झाली नाही, फक्त चौकटीचे थोडे नुकसान झाले, त्यासाठी दोन वर्षे कैद ही शिक्षाही आम्हांला फार वाटते.

आणि आमची भीती? ती अशी की सभ्य भाषेतले अर्ज कोणी वाचले असते तर सूपच्या डब्यापर्यंत गोष्ट गेली असती का? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या ‘लाउदाते देउम’ या पत्रात अशा उग्र गटांविषयी लिहिताना म्हटले होते, की साऱ्या समाजाने जी जागा रिकामी सोडली ती हे गट भरून काढत आहेत. ती जागा रिकामी सोडणाऱ्यांत आम्हीही आहोत.

पण टेम्पोवाल्या गृहस्थांचा राग केवळ चित्रासाठी नव्हता. “डिझेल बंद करा म्हणणारे माझा हप्ता भरणार का?” असेही ते पुटपुटले होते. हा प्रश्न हलका नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समध्ये पिवळी जाकिटे घालून हजारो लोक रस्त्यावर आले, ते इंधनावरील वाढीव कराविरुद्ध. तो कर पर्यावरणाच्या नावानेच लावला जाणार होता. गावाकडे राहणाऱ्या, गाडीशिवाय कामावर जाऊ न शकणाऱ्या माणसावर त्याचा भार पडणार होता. डिसेंबरमध्ये सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. कोणाला जगाच्या अंताची चिंता, कोणाला महिन्याच्या अखेरची. दोन्ही चिंता खऱ्या आहेत. पण पहिलीचे बिल दुसऱ्याच्या माथी मारले, तर तो न्याय होत नाही.

तंत्रज्ञानाचेही असेच आहे. १८११ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या परिसरात विणकरांनी यंत्रे फोडली. १८१२ मध्ये संसदेने त्यासाठी फाशीच्या शिक्षेचा कायदा केला. आज ‘लडाइट’ हा शब्द अडाणी माणसाला हिणवण्यासाठी वापरतात. खरे तर ते कसबी कारागीर होते आणि यंत्रांवरच काम करीत होते. यंत्राचा नफा एकाला आणि उपासमार दुसऱ्याला का, हा त्यांचा सवाल होता. यंत्रे फोडणे चूकच, पण सवाल चुकीचा नव्हता.

तो अजून सुटलेला नाही. मुलीच्या हातातला मोबाइल स्वच्छ दिसतो, धूर सोडत नाही. पण तो ज्या डेटा सेंटरांच्या जिवावर चालतो, त्यांनी २०२४ मध्ये जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज वापरली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून वाढेल, असेही ती संस्था म्हणते. बॅटरीत लागणारे कोबाल्ट बहुतांशी आफ्रिकेतील काँगोतून येते आणि तिथल्या काही खाणींत लहान मुले राबतात. मोबाइलच्या पावतीवर हा खर्च कुठेच छापलेला नसतो. पप्पांच्या टेम्पोचा धूर दिसतो, मुलीच्या मोबाइलचा दिसत नाही, एवढाच फरक.

म्हणून बापलेकीला आमचे उत्तर असे. बेटी, तुझी तळमळ खरी आहे. पण डिझेल बंद करा म्हणण्याआधी पप्पांच्या हप्त्याचे काय, हे तूच त्यांच्याशेजारी बसून मांड. आणि गृहस्थ हो, मुलीला गप्प करू नका. उद्याचा उन्हाळा तुम्हांला नव्हे, तिला काढायचा आहे. तुम्हां दोघांच्या मताला एकच प्रश्न लागू आहे. या मतासाठी मी स्वतः काय सोडायला तयार आहे? उत्तर ‘काही नाही’ असे असेल, तर ते मत अजून कच्चे आहे.

हा प्रश्न आम्हांलाही चुकत नाही. धर्मगुरू निवासाच्या खोलीत दुपारी एसी लावून आम्ही हे पान लिहायला घेतले होते. अर्ध्यावर आलो तेव्हा तो बंद केला. यातून जग वाचणार नाही, हे आम्हांलाही कळते. पण घामेजून लिहिताना काही वाक्ये खोडावी लागली. खिडकी बंद असताना ती फार सोपी वाटली होती.

आमचे मत चुकले आहे असे वाटल्यास जरूर सांगा. येत्या रविवारी आम्ही आवारातच थांबू, बाप्तिस्म्याच्या वेळेपर्यंत.