भुताला नियम हवा

दहा-बारा वर्षांच्या मुलांना भुताच्या गोष्टी द्याव्यात का, हा प्रश्न तसा अलीकडचा. आजच्या नवी मुंबईतल्या करावेसारख्या खाडीकाठच्या आगरी-कोळी गावात तो पूर्वी कुणाला पडला नसता. भुताची गोष्ट पोरांसाठी वेगळी नसायची. मोठी माणसं ओटीवर बोलायची आणि पोरं ऐकायची.

ती भुतं आपली जागा सोडत नसत. मुंजा पिंपळावर, चकवा माळावर, गिऱ्हा पाण्यात. कोकणातला गिऱ्हा माणसाला उथळातून भुलवत खोल पाण्यात नेतो. खाडी पाहिलेल्याला यातली मेख लगेच कळेल. ओहोटीला उघडा पडलेला चिखल वरून घट्ट दिसतो, पाऊल टाकलं की पाय गुडघाभर आत जातो, आणि तो सोडवत बसावं तोवर भरतीचं पाणी खाजणात शिरलेलं असतं. पोराला भरती-ओहोटीचं गणित समजावण्यापेक्षा गिऱ्हा सांगणं सोपं. पण त्याचा केस हाती लागला तर तोच तुमचा चाकर होतो, हेही त्याच दमात सांगितलं जाई. भीती घातली की तिच्यावरचा उतारा लगोलग द्यायचा, हे मला फार मोलाचं वाटतं.

नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून अशा समजुती लिहून मागवल्या होत्या. १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या. कोकणची टिपणं पुढे १९१५ मध्ये एन्थोव्हेन यांनी छापली. त्या नोंदींत भूत ‘समजूत’ झालं. शिकल्या-सवरल्या घरांनीही ते मुलांपासून लांबच ठेवलं.

मुलांच्या हातात ते दिमाखात परत आलं ते ‘चांदोबा’तून. हे मासिक मराठीत १९५२ मध्ये सुरू झालं. त्यातला वेताळ जुनाच, अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरातही भेटणारा. त्याचा नियम साफ: उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी पुन्हा झाडावर! वाचणारं मूल राजाच्या खांद्यावरचं प्रेत विसरून उत्तर शोधायला लागतं. रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण रंगमंचावर आणली. दिलीप प्रभावळकरांनी ती गाजवली. भ्यायचं कुठे आणि हसायचं कुठे, हे मतकरींना नेमकं ठाऊक होतं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या चळवळीचं ऋण मानूनच मी हे लिहिते आहे. तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्याऐवजी भगताकडे नेणारी भीती संपलीच पाहिजे आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हवाच होता. पण भगताच्या भुताचा नियम फक्त भगताला माहीत असतो, त्यावरच त्याचा धंदा चालतो. गोष्टीतलं भूत आपला नियम मुलालाच सांगून टाकतं. म्हणून चांगली भुताची गोष्ट वाचलेलं मूल भगतालाही प्रश्न विचारेल, असा माझा विश्वास आहे.

आज करावेशेजारच्या सीवूड्सच्या टॉवरमधली मुलं आर. एल. स्टाइनचं ‘गूसबम्प्स’ वाचतात. १९९२ पासून निघालेल्या या मालिकेतली मुलं मोठ्यांची वाट न पाहता संकटाला स्वतः भिडतात, हे मला आवडतं. पण तिथली तळघरं आणि सुट्टीतली शिबिरं अमेरिकेतली. इथे १९७० मध्ये सिडको आली, शेतं आणि मिठागरं गेली, खाडीला समांतर पाम बीच रस्ता झाला. करावे गावठाण अजून आहे, पाणथळीवर रोहित पक्षी उतरतात, खाडीला उधाणही येतं. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना इथल्या मुलांना इथलं भूत मराठीत मिळू नये, याची मला खंत वाटते.

ज्याच्या पाण्यावर भराव पडला तो गिऱ्हा कुठे गेला असेल? बिल्डिंगखालच्या टाकीत? पंपघरात? उधाणाच्या रात्री तो कुणाला हाक मारेल, आणि कुणाच्या आवाजात? हे कुणीतरी लिहावं. त्याचा केस आता कुठे सापडतो, तेवढं मात्र दहा वर्षांच्या वाचकाला पहिल्या वीस पानांत कळू द्यावं. पुढचं तो बघून घेईल.