काठावरचा एक

वेब प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं की 'इफ-एल्स' लवकरच समोर येतं. सरावाला बहुतेक ठिकाणी एकच गणित असतं: ३५ गुण असतील तर पास, नाहीतर नापास. पुलगावला लागूनच असलेल्या नाचणगावात कुणी शिकत असेल, तर त्याला मी दुसरं गणित देईन. ते त्याच्या घरात, निदान शेजारच्या घरात तरी आहेच. कापसाचा ओलावा. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, हमीभाव खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव मिळतो. त्याहून जास्त, पण १२ टक्क्यांपर्यंत असला, तर भाव त्या प्रमाणात कापतात. १२च्या वर गेला की माल घेत नाहीत. अटी दोन, वाटा तीन. पाच-सहा ओळींत लिहून होतं.

लिहून झालं की शिकणारा ६ टाकून बघतो, १० टाकतो, १५ टाकतो. तिन्ही उत्तरं बरोबर येतात आणि तो खुशीत पुढच्या धड्याकडे वळतो. १२ टाकून बघायचं मात्र राहून जातं. तिथे '<=' ऐवजी नुसतं '<' पडलं असेल, तर नेमका १२ टक्के ओलाव्याचा कापूस नाकारला जाईल. पडद्यावर लाल अक्षरं येणार नाहीत, कारण संगणकाच्या लेखी काहीच चुकलेलं नाही; सांगितलं तेवढं त्याने केलं. अटींच्या क्रमाचंही तसंच. '१२पर्यंत' ही अट आधी विचारली आणि '८पर्यंत' नंतर, तर चांगला वाळवून आणलेला कापूसही पहिल्याच अटीत अडकतो आणि त्याचाही भाव कापला जातो. चूक एका चिन्हाची किंवा एका ओळीच्या जागेची. नुकसान मात्र भाड्याची गाडी करून माल आणणाऱ्याचं. म्हणून एक सवय सुरुवातीलाच लावून घ्यावी. अट लिहिली की तिच्यावर तीन आकडे चालवून बघायचे: जरा अलीकडचा, नेमका तोच आणि जरा पलीकडचा. ११.९, १२, १२.१. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून कन्सोल उघडला की हे मिनिटाभरात होतं. तीनही बरोबर आले, तर मधल्या आकड्यांची काळजी फारशी उरत नाही.

काठावरच्यांकडे मुद्दाम बघितलं तर मोठे नियमही सुधारतात. मतदार यादीत नाव येण्यासाठी १ जानेवारीला वयाची १८ वर्षं पूर्ण लागायची. वर्षातून तो एकच दिवस धरत. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागे, तेही एका दिवसासाठी. २०२१ साली कायदा बदलला आणि १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या तारखाही त्यात आल्या. वयाची अट अठराचीच राहिली. थांबणं तेवढं वर्षावरून तीन महिन्यांवर आलं. मला हा बदल फार आवडतो. कुणीतरी त्या २ जानेवारीच्या मुलीचा विचार केला, असं त्यात दिसतं.

कामाला निघालेले आपण सगळेच दिवसभर अटी घालत असतो. खिडकी पाचला बंद. दहाच्या आत आलात तरच हजेरी. पाच किलोच्या वर घेतलं तर सूट. सकाळी अकराला येणाऱ्याचं काम आपसूक होतं, संध्याकाळी सातला येणाऱ्यालाही उत्तर ठाऊक असतं. ठरलेलं नसतं ते पाचच्या ठोक्याला धापा टाकत येणाऱ्या बाईंचं. मग त्यांचं काम आपल्या त्या वेळच्या थकव्यावर जातं. आज होतं, उद्या होत नाही. खिडकीवर 'पाच वाजेपर्यंत' अशी पाटी असेल, तर पाचला दारात पाऊल ठेवणाऱ्याचा अर्ज घ्यायचा की नाही, हे तिथल्या सगळ्यांनी सकाळीच बोलून घ्यावं. घ्यायचा ठरला, तर पाटीवर 'पाचला आलेल्यांचेही अर्ज घेऊ' एवढी एक ओळ वाढवावी.