हातोडा कोणाचा?

उधन्याहून जळगावकडे जाणारा लोहमार्ग आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग जेथे एकमेकांजवळ येतात, तेथे चलथाण आहे. गावाचे नाव साखर कारखान्यामुळे ठाऊक. पण महामार्ग आला की मालमोटारींची दुरुस्ती ओघानेच येते. अशाच एका दुरुस्तीखान्यात पत्रा ठोकणारा एक खानदेशी कारागीर मध्यंतरी माझ्याकडे आला. नोकरी सोडताना मालकाने त्याचा हातोडा ठेवून घेतला होता.

हातोडा त्याने स्वतः घडवलेला. कोण्या गिऱ्हाइकाने टाकून दिलेला तुटका आस भंगारात पडला होता. सुट्टीच्या दिवशी त्याने त्याचा तुकडा भट्टीत लाल केला, दांड्यासाठी आरपार भोक पाडले, एक तोंड सपाट व दुसरे किंचित फुगीर केले. मग लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवून पाणी दिले. म्हणायचे पाणी, बुडवायचे जळक्या तेलात! एवढ्यावर थांबले तर तोंडाच्या कपच्या उडतात. म्हणून पोलाद घासून, पुन्हा मंद आचेवर, वाळल्या गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत धरावे लागते. भोकाजवळचा भाग मात्र मऊच राखायचा. दांडा गावच्या बांधावरील बाभळीचा.

मालक म्हणे, भंगार माझे, भट्टी माझी, कोळसा माझा. कारागीर म्हणाला, “वकीलसाहेब, लोखंड त्याचं असेल, पण त्याला पाणी मी दिलंय.”

हा वाद जुना आहे. रोमन पंडितांत एक संप्रदाय वस्तू द्रव्याच्या धन्याची मानी, दुसरा घडवणाऱ्याची. जस्टिनियनच्या इ.स. ५३३च्या ग्रंथाने तोड काढली: वस्तू मूळ द्रव्यात परतत असेल तर ती धन्याची, नसेल तर कर्त्याची. चांदीचे पात्र वितळते. दारूची द्राक्षे होत नाहीत. मात्र कर्त्याने स्वतःचेही द्रव्य घातले असेल, तर वस्तू त्याचीच. (गोमंतकीय वाचकांना हे कुळ परके नाही, तेथील १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता त्याच वंशातली.) म्हणजे पोलादावर हरलेला माझा पक्षकार बाभळीवर जिंकत होता! मला हे हसू आणणारे वाटले, आणि थोडे लाजिरवाणेही. त्याचे श्रम खरे ठरवायला मला लाकडाचा तुकडा शोधावा लागला.

तुकडा रुळाचा असता तर गोष्ट वेगळी होती. १९६६च्या कायद्याने रेल्वेची चोरीची वाटणारी वस्तू जवळ सापडली की ती रीतसर मिळाली हे बाळगणाऱ्यानेच सिद्ध करायचे. तेथे कौशल्य कोणी विचारीत नाही.

पण मालकाची बाजूही पोकळ नव्हती. कोळसा जळला होता, आणि परवानगी कोणी मागितली नव्हती. टाकून दिलेला आस मालकाचा तरी कधी झाला, हा प्रश्न मी न्यायालयात जोराने मांडला असता. घरी बसून मांडताना मात्र आपण न विचारता घेतले, ही गोष्ट त्याने आवाज पडता ठेवून दोनदा सांगितली. ज्याला हे बोचते त्याला दावा लावायला सांगणे मला जमेना. मी म्हटले, “लोखंडाचे वजनाने पैसे द्या, कोळशाचे द्या, आणि हातोडा मागा.”

तो गेला. मालकाने हातोडा दांड्यासकट काट्यावर ठेवला. पाचर काढून दांडा वेगळा करा, असे त्याला म्हणता आले असते. तो बाभळीचेही पैसे देऊन आला.