आगगाडी, ठिणगी आणि शेजारी

नागपूरच्या इतवारी स्टेशनावरून कुही, उमरेड, भिवापूर या मार्गानें नागभीडला जाणारी अरुंद मापाची आगगाडी आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. कित्येकांनीं तींतून प्रवासहि केला असेल. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती १९०८ सालापासून धांवत होती. २०१९ च्या नोव्हेंबर महिन्यांत, तेथें मोठ्या मापाचे रूळ घालावयाचे म्हणून, ती बंद झाली. छिंदवाड्याकडे जाणारी तिची बहीण त्यापूर्वींच, २०१५ सालीं, थांबली होती. तेव्हां अनेकांस हळहळ वाटली, व परदेशांतील लोक जुन्या गाड्या जपतात त्याप्रमाणें आपणहि ही जपावयास पाहिजे होती, असें म्हणणारेहि भेटतात. नागपुरांत कामठी मार्गाजवळ मोतीबागेंत २००२ सालापासून अरुंद मापाच्या रेल्वेचें संग्रहालय आहे. तेथें जुनीं इंजिनें स्वस्थ उभीं आहेत व मुलें हौसेनें त्यांभोंवतीं फिरतात. उभें इंजिन कोणास त्रास देत नाहीं. जुनें इंजिन चालतें ठेवावयाचें म्हटलें म्हणजे मात्र प्रश्न उठतो. कारण चालतें इंजिन शिटी फुंकतें, धूर सोडतें, आणि त्याचा मार्ग साफ राखण्यासाठीं रुळांच्या कडेनें तणनाशक औषध फवारलें जातें. ज्यांचीं घरें व शेतें मार्गालगत आहेत त्यांच्या कानांवर, छातींत आणि पिकांवर तें सर्व येऊन पडतें.

विलायतेंत हौशी मंडळी अशा जुन्या गाड्या चालवितात, आणि तेथें शेजाऱ्यांचीं हींच गाऱ्हाणीं ऐकूं येतात. त्यांस उत्तर मिळतें तें असें: गाडी तुमच्या आधींपासून येथें आहे, आम्हांस सरकारचा परवाना आहे, आणि ही गाडी हजारों लोकांस प्रिय आहे. हीं उत्तरें केवळ रेल्वेवालेच देतात असें नाहीं. आपणांपैकीं प्रत्येकानें केव्हां तरी, कोणत्या तरी गोष्टीविषयीं, शेजाऱ्यास यांतील एखादें उत्तर दिलेलें असतें. म्हणून तीं पारखून पाहणें अगत्याचें आहे.

परवान्याची गोष्ट आधीं घेऊं, कारण तीच सर्वांत वजनदार वाटते. वेल्स प्रांतांत टॅफ व्हेल रेल्वेच्या इंजिनांतून उडालेल्या ठिणगीनें वॉन नांवाच्या मनुष्याचें रान पेटलें. वरिष्ठ न्यायालयानें १८६० सालीं ठरविलें कीं, पार्लमेंटानें कंपनीस इंजिन चालविण्याचा अधिकार दिला आहे, आणि कंपनीनें योग्य ती काळजी घेतली आहे. तेव्हां भरपाई देण्याचें बंधन तिजवर नाहीं. पुढें त्याच वेल्समध्यें फेस्टिनिऑग रेल्वेच्या ठिणगीनें जोन्स नांवाच्या गृहस्थाची गवताची गंजी जळाली. काळजी याहि कंपनीनें घेतलीच होती. परंतु १८३६ सालीं ती रेल्वे सुरू झाली तेव्हां पाटीच्या दगडानें भरलेले डबे उतारावरून आपल्या भारानेंच खालीं येत, व रिकामे डबे घोडे वर ओढून नेत. वाफेचें इंजिन तिनें १८६३ सालीं आणिलें, आणि तें चालविण्याचा स्पष्ट अधिकार तिच्या कायद्यांत लिहिलेला नव्हता. म्हणून १८६८ सालच्या निकालांत ती हरली. वाचकहो, येथें क्षणभर थांबा. ठिणगी तशीच, आग तशीच, काळजीहि सारखीच. तरी जोन्सला भरपाई मिळाली व वॉनला मिळाली नाहीं, याचें कारण कायद्याच्या कागदावरील एक ओळ. न्यायाधीशांस दोष देण्याचें कारण नाहीं, कागद पाहणें हें त्यांचें कामच आहे. परंतु वॉनचें रान कागद पाहून जळालें नव्हतें. पुढें तेथील पार्लमेंटासहि हें खटकलें असावें. कारण १९०५ सालीं त्यानें कायदा करून, इंजिनाच्या ठिणगीनें शेतीचें वा पिकाचें नुकसान झाल्यास, परवाना असला तरी, शंभर पौंडांपर्यंतच्या दाव्यांत रेल्वेनें भरपाई द्यावी असें ठरविलें.

ज्यांस शास्त्र परिचित आहे त्यांस हें नवें वाटणार नाहीं. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांतील नियम असा आहे कीं, कोणी पेटविलेली आग कांट्याकुट्यांत शिरून दुसऱ्याच्या सुड्या किंवा उभें पीक जळालें, तर ज्यानें आग पेटविली त्यानें भरून द्यावें. तेथें हेतु विचारलेला नाहीं, परवानाहि विचारलेला नाहीं. आग कोणाच्या हातची एवढेंच विचारलेलें आहे. आपल्या देशांतहि विचार त्याच दिशेनें गेला आहे. भोपाळच्या भयंकर रात्रीनंतर एका वर्षानें, १९८५ च्या डिसेंबरांत, दिल्लींतील एका कारखान्यांतून विषारी वायु सुटला. त्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं असें सांगितलें कीं, जो धोक्याचा धंदा चालवितो त्यास, मीं पुरेशी काळजी घेतली होती, असें म्हणून जबाबदारींतून सुटतां येणार नाहीं.

आतां, आधीं कोण व मागाहून कोण. लंडन शहरांत एका मिठाईवाल्याचे मोठे खलबत्ते वीस वर्षांहून अधिक काळ चालूं होते. शेजारच्या डॉक्टरानें नंतर त्याच भिंतीला लागून रोगी तपासण्याची खोली बांधिली, आणि आवाजानें काम चालेना म्हणून दावा केला. १८७९ सालीं निकाल डॉक्टराच्या बाजूनें झाला. हा निकाल मला अर्धाच पटतो. रेल्वेच्या कडेला स्वस्त मिळते म्हणून झोंपडी बांधणारा मजूर आणि रम्य देखावा पाहून बंगला घेणारा श्रीमंत, हे दोघेहि मागाहूनच आले, परंतु पहिल्यास दुसरी जागा परवडत नव्हती व दुसऱ्यास गाडी दिसत होती. दोघांस एकाच मापानें मोजूं नये. शिवाय आधीं कोण हें विचारावयाचेंच असेल, तर कुही-उमरेडचीं शेतें १९०८ च्या पूर्वींचीं आहेत हेंहि सांगावें लागेल.

शिटीविषयीं बोलतांना भेद केला पाहिजे. फाटकाच्या अलीकडे पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ अशीं अक्षरें असतात. सीटी आणि फाटक, असा त्यांचा अर्थ. चालकानें तेथें शिटी द्यावयाचीच असते. गुरें घेऊन रूळ ओलांडणाऱ्या पोराचा जीव त्या शिटीनें वांचतो. ज्याची झोंप त्या शिटीनें मोडते त्यानें ती सोसावी, असें मी निःशंकपणें म्हणेन. कारण त्याच्या झोंपेच्या पलीकडे दुसऱ्या कोणाचा प्राण आहे. पण छायाचित्रें घेणाऱ्या पाहुण्यांस मौज वाटावी म्हणून फुंकलेली शिटी, तिचा आवाज तेवढाच असला तरी, ती शिटी नव्हे. आवाजाच्या सरकारी नियमांत (ते २००० सालीं झाले) वसाहतीकरितां दिवसां ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. डेसिबल मोजण्याचें यंत्र आवाज किती हें सांगतें; तो कोणासाठीं केला हें सांगत नाहीं, आणि शेजाऱ्याला खरें दुःख बहुधा त्याचेंच असतें.

फवारणीची गोष्ट याहून गंभीर आहे, व आमच्या शेतकरी वाचकांस ती अधिक समजेल. रुळांखालच्या खडींत तण माजलें कीं मुळ्यांशीं माती धरून राहते, पाणी निथळत नाहीं, आणि मार्ग खचूं लागतो. म्हणून तें काढणें भागच आहे. गँगमन तें हातानें उपटीत, आतां औषधानेंहि मारतात. परंतु वारा रेल्वेची हद्द ओळखत नाहीं. टू-फोर-डी नांवाचें तणनाशक वाऱ्यानें कपाशीवर गेलें तर तिचीं पानें भेंडीच्या पानांसारखीं चिरलेलीं व आंखडलेलीं होतात, हें ज्याच्या शेजाऱ्यानें धुऱ्यापलीकडे फवारलें आहे त्यास सांगावयास नको. मनुष्याच्या देहाचें काय होतें तें यवतमाळ जिल्ह्यानें २०१७ सालीं पाहिलें. त्या पावसाळ्यांत कपाशीवर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन विसांहून अधिक शेतकरी व मजूर मेले, आणि शेंकडों रुग्णालयांत पडले. तें औषध निराळें होतें हें खरें. परंतु लेबलावर लिहिलें आहे म्हणजे निर्धास्त राहावें, हा भाबडेपणा विदर्भानें तरी आतां करूं नये. ग्लायफोसेट नांवाचें तणनाशक जगांतील अनेक रेल्वे वापरीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं त्यास मनुष्यांत बहुधा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत घातलें. कांहीं देशांच्या नियामक संस्थांस हें मत मान्य नाहीं, आणि वाद चालूंच आहे. तरी जर्मनीच्या रेल्वेनें २०२२ च्या अखेरीस त्याचा वापर थांबविण्याचें ठरविलें. तिनें वाद मिटण्याची वाट पाहिली नाहीं.

येथें निर्गमांतील मारक्या बैलाचा नियम मला फार खोल वाटतो. बैलानें पहिल्यांदाच कोणास हुंदडून मारलें तर धनी निर्दोष. पण बैल मारका आहे हें धन्यास आधीं सांगितलेलें असून त्यानें तो बांधून ठेविला नाहीं, तर दोष धन्याचा. गाऱ्हाणें घेऊन येणारा शेजारी हा भांडखोर नसतो, तो बैलाची खबर आणणारा असतो. त्याच्या येण्यापूर्वीं जें अज्ञान होतें तें तो गेल्यावर राहत नाहीं. कदाचित् म्हणूनच तो आपणांस इतका नकोसा वाटतो.

राहिलें तिसरें उत्तर, कीं गाडी पुष्कळांस प्रिय आहे. मघांच्या फेस्टिनिऑग रेल्वेचा शेवट पाहण्यासारखा आहे. १९४६ सालीं ती बंद पडली. रूळ गंजले, झाडोरा माजला. पुढें हौशी स्वयंसेवकांनीं सुट्टीचे दिवस व पदरचा पैसा घालून ती साफ केली, आणि १९५५ सालीं गाडी पुनः चालूं झाली. अशा प्रीतीविषयीं मला आदर आहे. तिनें मोल स्वतः दिलें. पण आनंद माझा आणि खोकला शेजाऱ्याचा, असा हिशोब झाला म्हणजे तिला प्रीति म्हणणें कठीण जातें. अहाब राजाला नाबोथाचा मळा मनापासून आवडला होता. त्याच्या आवडींत खोट नव्हती. जुन्या गाडीवर ज्यांचें प्रेम आहे ते वस्तीजवळचे दोन मैल हातानें खुरपूं शकतात. औषध फवारण्यापेक्षां त्यास अधिक माणसें व अधिक दिवस लागतील, एवढेंच.

आणि आतां आपल्या अंगणांत येऊं. मद्रासेंत एका ख्रिस्ती मंडळीच्या ढोलांच्या व ध्वनिक्षेपकाच्या आवाजाविरुद्ध शेजारच्या वसाहतीनें तक्रार केली, तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि २००० च्या ऑगस्ट महिन्यांत निकाल मंडळीच्या विरुद्ध लागला. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी असें कोणताहि धर्म सांगत नाहीं, असा त्याचा आशय होता. त्या मंडळीचें म्हणणें असें होतें कीं, तक्रार धार्मिक सेवा थांबविण्यासाठीं आहे, आणि आसपास मोटारींचाहि गोंगाट आहेच. रेल्वेच्या उत्तरांशीं हीं उत्तरें ताडून पाहावीं. आपल्या खेड्यांतील मंदिरांवरहि कर्णे बांधलेले आहेत, ते पुष्कळदां चारहि दिशांस, आणि नाताळच्या आठवड्यांत ते रात्रीं दहानंतरहि वाजतात, ज्या वेळेपासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपकास नियमांत मनाई आहे. सभासद सगळे आंत बसलेले असतात. बाहेर ऐकणारा बहुधा तोच असतो, ज्यास आपण विचारलेलें नाहीं: दम्यानें जागा असलेला म्हातारा, परीक्षेचा मुलगा, बाळंतीण. कर्ण्याचें तोंड आंतल्या बाजूस वळविण्यास एक शिडी व एक पाना लागतो, आणि काम अर्ध्या तासाचें आहे.