लाडबोरीचं कडं

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आभाळातून जळत्या रेघा सरकल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं कोसळलं. रॉकेटचा अवशेष. आभाळातून परतणं किती दाहक असतं, हे आपल्या झाडीपट्टीने डोळ्यांनी पाहिलं.

त्याच वाटेने माणसंही परतत आली आहेत. २४ एप्रिल १९६७ रोजी सोयुझ-१ या सोव्हिएत यानाचं मुख्य पॅराशूट उघडलंच नाही. त्यातले अंतराळवीर व्लादिमीर कोमारोव्ह गेले. १९७१ मध्ये सोयुझ-११ जमिनीवर उतरलं, पण एक झडप वरच उघडून आतली हवा निघून गेली होती. दोब्रोव्होल्स्की, वोल्कोव्ह, पात्सायेव्ह हे तिघे अंतराळवीर आसनांवरच निष्प्राण. यानात दाटी, म्हणून तिघांना अवकाशपोशाखच नव्हते! हे मला फार छळतं. त्यानंतर कित्येक वर्षं सोयुझमध्ये दोघंच बसत, पोशाख घालून.